दुधाच्या पावतीवरची तोंडं

यवतला आमच्याकडं कुणी पाहुणी आली की सासूबाई माझी ओळख करून देतात, "ही घरी बसूनच कामाला हाय. मंद चालणाऱ्या गोष्टी शोधती." पाहुणी मग घरात नजर फिरवते, आणि ती नजर बहुतेक वेळा माझ्या नवऱ्यावर जाऊन थांबते.

सासूबाईंचं म्हणणं चूक नाही. माझी कंपनी पुण्यात आहे आणि मी यवतला आमच्या माडीवर. लोकांचे प्रोग्रॅम हळू का चालतात ते मी शोधते. त्याची रीत साधी आहे. प्रोग्रॅम चालू असताना त्याच्या पाठीमागं दुसरा एक प्रोग्रॅम उभा करायचा. तो क्षणाक्षणाला पहिल्याला विचारत राहतो, आत्ता काय चाललंय, आणि आत्ता, आणि आत्ता? मग सगळी उत्तरं गोळा करून चित्र काढतो. ज्या कामात फार वेळ गेला त्याची पट्टी रुंद, ज्यात थोडा गेला त्याची अरुंद. याला प्रोफायलिंग म्हणतात. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझं लग्न झाल्यापासून हेच करत आल्यात. चित्र तेवढं काढत नाहीत, नणंदेला फोनवर सांगतात.

या धंद्यात मी एकच गोष्ट शिकले, की अंदाज बांधायचा नाही, मोजायचं. आणि दुसरी अशी की मोजलेलं कुणालाही आवडत नाही. कारण गुन्हेगार कोण हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. कंपनीत साहेब म्हणतो सर्व्हर लहान आहे, सर्व्हरवाला म्हणतो नेट कमी पडतंय, नेटवाला म्हणतो प्रोग्रॅम लिहिणारी पोरगी नवी आहे. तिला कुणी काही विचारत नाही. मी पट्ट्यांचं चित्र दाखवलं की साहेब म्हणतो, ठीक आहे, पण सर्व्हर मोठा घेऊच. पगार मिळतो म्हणून मी गप्प बसते. घरच्या कामात पगार नसतो, त्यामुळं गप्पही बसवत नाही. ही गोष्ट घरच्या कामाची आहे.

माझं माहेर शिरूर तालुक्यात, कवठे येमाईच्या अलीकडं एका वाडीवर. तिथं माझा थोरला भाऊ आणि वहिनी. वहिनी वाडीच्या दूध संकलन केंद्रावर सेक्रेटरी होती. सेक्रेटरी म्हणजे पत्र्याच्या खोलीत, खिडकीपाशी, कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसणारी व्यक्ती. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन येतात, मापाच्या भांड्यात दूध ओततात, फॅटच्या मशीनमध्ये नमुना जातो, आकडे आपोआप कॉम्प्युटरवर येतात. सेक्रेटरीनं फक्त दूध घालणाऱ्याचा नंबर टाकायचा की पावती निघते.

वहिनीला नंबर विचारावा लागत नसे. कोण आलंय हे तिला किटलीच्या आवाजावरनं कळायचं, असं ती स्वतःच सांगायची. ती काही गरीब गाय नव्हे. आपला हात किती चपळ आहे हे ती दिवसातून दोनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायची. "वन्सं, तुमच्या पुण्याच्या पोरी दहा बोटांनी टाइप करतात म्हणं. मी दोनानं करती आन् त्यांच्या आधी उठती." लग्न होऊन आल्यापासून तिला वाडीवर कुणी तिच्या नावानं हाक मारली नव्हती. ती अमक्याची सून होती, तमक्याची बायको होती, मग पोरांची आई झाली. त्या खुर्चीत बसल्यावर लोक तिला मॅडम म्हणायला लागले. आप्पासुद्धा. आप्पा म्हणजे आमच्या डेअरीचे चेअरमन. वहिनी हे मॅडम अशा काही ठसक्यात सांगायची की भाऊ वैतागून गोठ्यात निघून जायचा.

तर ही खुर्ची जायची वेळ आली.

झालं असं, की पावती निघायला वेळ लागायला लागला. आधी थोडा, मग बराच. नंबर टाकला की पडद्यावर गोल चक्र फिरत बसायचं आणि प्रिंटर मुकाट. रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत जायची. कॅन भरून घेऊन जाणारा टेम्पो उशिरा सुटायचा, आणि उन्हाळ्यात उशीर झाला की शीतकरण केंद्रावर पोचेपर्यंत दूध नासायचं. कॅन परत यायचे. परत आलेल्या दुधाचा वास पत्र्याच्या खोलीत दिवसभर राहतो, आणि लोकांच्या तोंडात त्याहून जास्त.

उपाय सगळ्यांनी केले. माझा भाऊ पाबळला वीजकाम शिकलेला. त्याच्या मते जगात जे काही बिघडतं ते व्होल्टेजमुळं. त्यानं स्टॅबिलायझर बसवला. शिरूरचा दुकानदार, ज्यानं हा प्रोग्रॅम लिहून दिला होता, तो म्हणाला रॅम कमी आहे. रॅम घातली. एका संचालकांना वाटलं नजर लागली. त्यांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली, आणि लिंबू कुजून त्याचा रस कीबोर्डवर गळला, तेव्हापासून शून्याचं बटण दोनदा दाबावं लागायचं. मी यवतला बसून, फोनवर, न बघता, डेटाबेसवर एक सुंदर व्याख्यान दिलं. दुकानदारानं तेही करून बघितलं. माझ्या उपायाचा गुण लिंबाइतकाच आला, फक्त रस गळला नाही.

मग आप्पांनी निकाल दिला. "मशीन समदी नवी केली. आता र्‍हायलं काय? बाईच्या हाताला वेग न्हाई." आप्पांच्या पुतण्यानं शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून तो पानटपरीवर बसून नोकरीची वाट बघत होता. आखितीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, सेक्रेटरी बदलायचा असं बोलणं सुरू झालं. खापर फोडायला डोकं लागतं, आणि खिडकीच्या आत दिसणारं डोकं एकच होतं.

वहिनीचा फोन आला. तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "वन्सं, माझ्या हाताला वेग न्हाई म्हणत्यात. काय बी म्हणा म्हणावं, काळी म्हणा, जाडी म्हणा. पर वेग न्हाई म्हणत्यात हो." मग नाक ओढून म्हणाली, "तुम्ही लोकांच्या मशिनी बघता. आपल्या घरची एकदा बघा की."

मला लाज वाटली आणि रागही आला. राग आप्पांचा. शनिवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली. चौफुल्यावरनं वळून पारगावचा पूल, न्हावरा, शिरूर, आणि तिथून वाडी. वाटेत नवरा म्हणाला, "मोजून काय होणार आहे? त्यांना पुतण्या बसवायचाय." मी म्हटलं, "तू गाडी चालव." नवरे कधीकधी बरोबर असतात, पण ते गाडीत मान्य करायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात वहिनीच्या मागं स्टूल टाकून बसले. लॅपटॉप उघडलाच नाही, आधी नुसतं बघितलं. किटली खळखळली, दूध ओतलं, आकडे आले. वहिनीनं मान वर न करता नंबर टाकला, एंटर दाबलं. संपलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. मग चक्र. चक्र फिरतंय म्हणून वहिनी हात मांडीवर ठेवून खिडकीतल्या बाईला विचारते, "कालवड खाती का आता?" बाई सांगते. औषध कुठलं दिलं ते सांगते, दिराशी भांडण झालं ते सांगते. मग पावती निघते.

मी उठून बाहेर गेले आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. तिथनं काय दिसतं? खिडकीत बाई गप्पा मारतीय आणि रांग थांबलीय, एवढंच दिसतं. चक्र दिसत नाही. आप्पा रोज तिथंच, देवळाच्या कट्ट्यावर बसायचे. रांग थांबली म्हणून वहिनी बोलत होती. आप्पांना दिसायचं, की वहिनी बोलतीय म्हणून रांग थांबलीय. यात आप्पांचा दोष म्हणावा तर दोष, नाही तर कट्ट्याचा.

दुकानदाराला फोन केला. त्यानं सगळा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून इतक्या आनंदानं पाठवून दिला, की मुलगी दिल्यासारखा मोकळा झाला. संध्याकाळच्या दुधाला मी माझं हत्यार त्याच्या पाठीमागं उभं केलं. रांग संपली, चित्र निघालं. डेटाबेसची पट्टी, जिच्यावर मी व्याख्यान दिलं होतं, शोधावी लागली. प्रिंटरची पट्टी तशीच. आणि मध्ये, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कांद्याच्या चाळीएवढी लांबलचक एक पट्टी. तिचं काम काय, तर फोटो लावणे.

कसले फोटो? मी पावती हातात घेतली. ही दुधाची पावती म्हणजे तळहाताएवढा कागद. वरच्या बाजूला दोन ओळी काळे डाग होते. मी त्यांना आजवर प्रिंटरची घाण समजत होते. सगळी वाडी तेच समजत होती.

ते डाग म्हणजे संचालक मंडळ होतं.

आमच्याकडं चौकात फ्लेक्स लागतो ना, वर मोठे, मधे मधले, खाली कार्यकर्ते, तसा तो पावतीवर लावला होता. सुरवातीला आप्पा एकटेच होते. मग व्हाइस चेअरमन म्हणाले, माझा का नाही? मग संचालक. मग प्रेरणास्थानं. मग ज्यांनी पत्रा दिला ते, ज्यांनी बोअर मारून दिली ते. दर निवडणुकीला नवे यायचे आणि जुने काढायची सोय नव्हती, कारण काढायचा कुणाचा? त्यातले काही वारले. त्यांचेही फोटो राहिले, वर हार चढले. हे सगळे फोटो लग्नाच्या फोटोग्राफरनं काढलेले, भिंतभर मोठे केले तरी मिशीचा केस न् केस दिसेल असे. आणि प्रोग्रॅम काय करायचा? प्रत्येक पावतीला हे सगळे फोटो नव्यानं उघडायचा, मानपानाप्रमाणं रांगेत लावायचा, एकेक करून नखाएवढा लहान करायचा आणि काळा डाग छापायचा. जे वारले होते त्यांचा हार तर तयारही नव्हता. तो प्रत्येक पावतीला, फूल फूल जोडून, नव्यानं गुंफला जायचा. अर्धा लिटर दूध घालायला आलेल्या म्हातारीमागं रांग थांबायची, कारण आत कैलासवासी संचालकांना हार घालणं चालू असायचं.

मी कपाळाला हात लावून हसत सुटले. वहिनी हसली नाही. ती चित्राकडं बघत होती. "ह्यात मी कुठं?"

मी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, तेव्हा कोपऱ्यात एक रेघ दिसली. तिच्यावर नाव लिहायलाही जागा नव्हती. म्हटलं, "ही. तू नंबर टाकेपर्यंत प्रोग्रॅम तुझी जेवढी वाट बघतो, तेवढी ही रेघ. आणि ती लांब पट्टी म्हणजे तू त्याची बघतेस ती."

"एवढीच?" तिनं बोट लावून बघितलं. "लगीन झाल्यापासनं पयल्यांदा कुणी मला बारीक म्हणतंय." मग मात्र हसली, आणि पदरानं डोळे पुसले. "भावाला दावा तुमच्या. आन् आप्पांना तर दावाच."

आप्पांना दाखवलं. सोमवारी मी सुटी टाकली, संचालक मंडळ पत्र्याच्या खोलीत जमलं, लॅपटॉप दुधाच्या कॅनवर ठेवला. आप्पांनी चष्मा लावला. "ह्यात आमी कंच्या ठिकाणी?"

"सगळ्यात रुंद पट्टी तुमची, आप्पा."

आप्पा खुलले. व्हाइस चेअरमनांकडं बघून म्हणाले, "बगा." मी घाईनं सांगितलं, की रुंद पट्टी असणं चांगलं नसतं, त्या पट्टीमुळंच दूध नासतंय. आप्पांनी चष्मा काढला. मग एक संचालक म्हणाले, "काढून टाका की फोटो." दुसरे म्हणाले, "कुणाचे?" कुणीतरी हळूच म्हणालं, आधी वारलेल्यांचे काढावेत. त्यावर व्हाइस चेअरमन म्हणाले, "त्यांची पोरं दूध दुसऱ्या डेअरीला घालतील. मग त्ये दूध माघारी आनायला तुमी जाता का?"

मला अशा मीटिंगांची सवय आहे. म्हटलं, कुणाचाच काढायचा नाही. सगळ्यांचे फोटो लहान करून, हार घालून, एकच पट्टी रोज सकाळी एकदा तयार करू आणि दिवसभर तीच छापू. सगळ्यांनी माना हलवल्या. सत्कार रोज, पण एकदाच, हे त्यांना पटलं. फक्त त्या पट्टीत कोण कुणाच्या उजवीकडं यावर दुपार झाली. प्रोग्रॅममधला बदल मी त्याच वेळेत, त्यांच्या वादाच्या आवाजात, करून टाकला.

संध्याकाळी पहिल्या बाईनं किटलीचं झाकण लावायच्या आत पावती तिच्या हातात होती. ती पावतीकडं बघतच राहिली. रांग अशी सरकली की म्हाताऱ्यांची धांदल उडाली, एकीनं तर तक्रारही केली, "बोलाया बी सवड न्हाई आता." टेम्पोवाला चहा पिऊन, तंबाखू मळूनही वेळेत निघाला. वहिनी खुर्चीत अशी बसली होती की मागून बघणाऱ्याला वाटावं, फोटो काढणार आहेत.

पुढच्या रविवारी माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि पेढे डेअरीच्याच दुधाचे. चहा वहिनीनं केला, कारण चहा तीच करते. आप्पा भाषणाला उभे राहिले. तालुक्याची लेक, यवतची सून, वगैरे झाल्यावर म्हणाले, "ताईंनी मशीन अशी फास्ट केली, अशी फास्ट केली, की आता खुर्चीवर कुणीबी बसलं तरी चालतंय."

टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली. शाल घसरत होती ती एका हातानं धरून दुसऱ्या हाताच्या मनगटावर वाजवली. वाक्य डोक्यात शिरलं तोवर आप्पा भाषण संपवून पेढा खात होते. वहिनी ट्रे घेऊन दारात उभी होती. तिच्या डोक्यात ते माझ्या आधी शिरलं होतं, तिच्याकडं बघितल्यावर कळलं.

आखिती झाली आणि पुतण्या खुर्चीत बसला.

मी आप्पांना फोन केला आणि तोंडाला येईल ते बोलले. वडीलधारे आहेत, मी तुम्ही-तुम्ही म्हणतच बोलले, पण बोलले. तुम्हाला चित्र दाखवलं होतं, वहिनीचा दोष नाही हे डोळ्यांनी बघितलंत, तरी असं कसं केलंत? आप्पा अजिबात चिडले नाहीत. समजावणीच्या सुरात म्हणाले, "ताई, तुमीच दावलं की. तिची रेग एवढुशी. तुमी सोता मोठी करून करून दावली तवा दिसली. एवढुशा कामाला मॅडम कशापायी?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे उत्तर आहे, आजही मी ते भाजी चिरताना मोठ्यानं देते. रेघ बारीक आहे ती काम थोडं आहे म्हणून नव्हे, माणूस चपळ आहे म्हणून. पण फोन ठेवल्यावर सुचलेल्या उत्तराचं काय करायचं? मी माडीवर जाऊन रडले. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, बघितलं, आणि त्या दिवशी नणंदेला फोन केला नाही.

भाऊ सांगायचा, की आता वहिनी घरच्या गाईंचं दूध घेऊन रांगेत उभी राहते. पहिल्या दिवशी पुतण्यानं तिला विचारलं, "नंबर?" पाच-सहा वर्षं त्या खुर्चीत बसलेल्या बाईला. तिनं सांगितला. मागची बाई तिला सवयीनं मॅडम म्हणाली. हळूहळू ते म्हणणंही बंद झालं. ती पुन्हा तमक्याची बायको झाली.

श्रावणात आप्पांचा फोन आला. आवाज मऊ. "ताई, मशीन परत मंद झाली बगा. टेम्पो लेट व्हतोय. काल दोन कॅन माघारी आलं. येऊन जावा, शाल-नारळ ठेवलाय."

मी म्हणणार होते, बसवा की पुतण्याला तपासायला. पण जीभ चावली आणि आधी वहिनीला फोन लावला. "जाऊ का गं?"

"या की. माझं बी दूध त्याच कॅनात असतंय." मग म्हणाली, "पर वन्सं, त्ये मोजायचं तेवढं काढू नका. मागल्या खेपंला तुमी माझा हात किती चपळ हाय त्ये दावलं, तर माझी खुर्ची गेली. आता त्याचा हात किती मंद हाय त्ये दावलं, तर आप्पा त्याला बढती देतील."

मी गेले आणि मोजलंच. मला दुसरं काही येत नाही.

त्या दिवशी रांग देवळाच्याही पुढं गेली होती. पुतण्या खिडकीत. एका हातात मोबाईल, त्यावर कसलासा व्हिडिओ, दुसऱ्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. किटली यायची, दूध ओतायचं, आकडे पडद्यावर येऊन उभे राहायचे. थोड्या वेळानं त्याची मान वर व्हायची. "नंबर?" माणूस सांगायचा. "आं?" माणूस पुन्हा सांगायचा. मग एक बोट. शून्य असलं की दोनदा. देवळाच्या कट्ट्यावरनं बघितलं तर काय दिसत होतं? खिडकीत पोरगा मान खाली घालून मुकाट कॉम्प्युटरपाशी बसलाय, कुणाशी एक शब्द बोलत नाही. कामाचं पोरगं.

चित्र निघालं. फोटोंची पट्टी बारीक, हारांची बारीक, माझी सगळी दुरुस्ती जागच्या जागी. आणि एकच पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत. मला ती ओळखीची वाटली. मागच्या वेळी मोठी करून करून शोधलेली ती रेघच होती. आता तिच्यावर नाव लिहायला हवी तेवढी जागा होती.

आप्पा कट्ट्यावरनं उठून आले, चष्मा लावला. रांगेतले पुढचे चार-पाच जण खिडकीतनं डोकावले. पुतण्यानंही मोबाईल जरा खाली केला.

"ही आमची का?" आप्पांनी विचारलं. आवाजात थोडी आशा होती.

"नाही आप्पा. तुमची आता एवढीशी झालीय."

"मंग ही कशाची?"

"वाट बघायची. मशीन मंद नाही. मशीन काहीच करत नाहीये. नुसती बसून वाट बघतीय."

आप्पांनी चष्म्याच्या वरून मशीनकडं बघितलं, मग पुतण्याकडं, मग माझ्याकडं. "कुणाची वाट बगतीय?"

मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते वाटभर, न्हावऱ्यापासून, ठरवत आले होते. या वेळी उत्तर फोन ठेवल्यावर सुचायचं नव्हतं. पण रांगेत तिसरी, किटली कमरेवर घेऊन, वहिनी उभी होती. ती तिथूनच, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली,

"माझी बगत आसंल."

आप्पांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि पुसतच राहिले. पुढच्या दोघींची दुधं झाली. वहिनी खिडकीपाशी आली, किटली वर ठेवली, दूध ओतलं. आकडे पडद्यावर आले आणि थांबले.

"नंबर?" पुतण्यानं विचारलं.

वहिनीनं नंबर सांगितला.